फाटकापासून पन्नास मीटर, महिन्याला तीन लिटर

गेल्या अंकात आम्ही विचारलं होतं की वाढत्या वजनाबाबत गावाच्या पातळीवर काय करता येईल. पालघरपासून सावंतवाडीपर्यंतची पत्रं आली. निम्म्या पत्रांत "लोकांना शिस्तच नाही" एवढंच होतं. ती बाजूला ठेवली. ज्यांना उत्तर देता येतं असे प्रश्न निवडले आहेत. काही थोडे आखूड केले आहेत.

आमच्या माध्यमिक शाळेच्या फाटकासमोर दोन टपऱ्या आणि एक किराणा दुकान आहे. मधल्या सुट्टीत पाच रुपयांची कुरकुरीत पुडी आणि थंड पेयाची छोटी बाटली, हेच पोरांचं खाणं. ग्रामपंचायत यात काय करू शकते? टपरीवाले आपलेच आहेत, त्यांच्या पोटावर पाय द्यायचा नाही.
— ग्रामपंचायत सदस्य, गुहागर तालुका

नियम तयार आहे, फक्त गावात कुणी वाचलेला नसतो. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने शाळेतल्या मुलांच्या आहाराबाबत २०२० साली विनियम काढले. ज्या पदार्थांत चरबी, मीठ किंवा साखर जास्त आहे ते शाळेच्या उपाहारगृहात, वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात आणि शाळेच्या फाटकापासून कुठल्याही दिशेने ५० मीटरच्या आत शाळकरी मुलांना विकता येत नाहीत. फुकटही वाटता येत नाहीत. त्यांची जाहिरातही तेवढ्या अंतरात चालत नाही. तेव्हा आधी शाळेच्या नावाची पाटी बघा. थंड पेयाच्या कंपनीने रंगवून दिलेली, वर शाळेचं नाव आणि खाली बाटली, अशी पाटी असेल तर पहिली ती उतरवा. त्यात कुणाचा धंदा बुडत नाही आणि गावाला संदेश जातो.

मग टेप. लांब उडी मोजायची टेप प्रत्येक शाळेत असते, तीच घ्या आणि चुन्याने खूण करा. कोकणातल्या शाळेला पुढचं फाटक रस्त्यावर आणि मागचं पाखाडीवर (पायऱ्यांच्या वाटेवर), अशी दोन तोंडं असतात. निम्मी पोरं मागनंच जातात, म्हणून अंतर दोन्ही फाटकांपासून मोजायचं. ही मोजणी शाळा व्यवस्थापन समितीच्या दोन पालकांसमोर करा आणि कागदावर साधा नकाशा काढून सह्या घ्या. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, त्यामुळे ठराव तिथूनच आला तर "सरपंचाने माझ्यावर डूख धरला" ही तक्रार उरत नाही. जुलैत समितीचा ठराव, १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत त्याला मंजुरी, आणि प्रती दोन ठिकाणी: गटशिक्षणाधिकारी आणि जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाचे सहायक आयुक्त (अन्न). तपासणी आणि कारवाई अन्न सुरक्षा अधिकाऱ्याची. ग्रामपंचायतीने धाड घालायला जाऊ नये, तो अधिकार तिचा नाही. पण पंचायतीच्या जागेवरची टपरी कुठे उभी राहील आणि गाळ्याच्या भाडेकरारात कुठली अट असेल, हे तिच्या हातात आहे. करार नव्याने करताना एक ओळ वाढवली की झालं.

विक्रेत्यांना महिनाभराची मुदत द्या, म्हणजे भरलेला माल संपतो किंवा वितरकाला परत जातो.

आता हे बिघडतं कुठे ते बघू. माळा दारावरून जातात आणि पुड्या गल्ल्याखालच्या खणात येतात. टपरी पंचावन्नाव्या मीटरवर सरकते. गुरुजींच्या वाढदिवसाला शाळेतच थंड पेय वाटलं जातं. हे सगळं सावरता येतं. न सावरणारी गोष्ट भुकेची. साडेसातच्या एसटीला धावणाऱ्या मुलाच्या पोटात चहा-बिस्किटाशिवाय काही नसतं. अकरा वाजता त्याला खायला हवंच असतं. समोर दुसरं काही नसेल तर बंदी पहिल्या आठवड्यातच फुसकी ठरते.

म्हणून टपरीवाल्याला पर्याय हिशोबासकट द्या. एक किलो हरभरे रात्री दहा-बारा तास भिजत घालायचे आणि शिजवताना दोन छोटे चमचे मीठ, जास्त नाही. शिजून दोन किलोच्या वर भरतात. वरून कांदा, कोथिंबीर, लिंबू. साठ ग्रॅमचे द्रोण केले तर पस्तीसेक होतात. दहा रुपयाला एक म्हटलं तर साडेतीनशे रुपये येतात. हरभरे, कांदा-लिंबू आणि गॅस मिळून खर्च दीडशे-पावणेदोनशे. भाव गावोगावी वेगळा, पण पुड्यांवर एवढं सुटत नाही हे टपरीवाल्याला सांगावं लागत नाही. जपायचं ते दमट हवेला. उकडलेले हरभरे आपल्याकडे चार तासांत आंबूस होतात, तेव्हा सकाळी उकडलेले मधल्या सुट्टीपर्यंतच विकायचे. उरले तर घरी उसळ, दुसऱ्या दिवशी पुन्हा टपरीवर नाही. भाजलेले शेंगदाणे घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा, नाहीतर पावसाळ्यात तासाभरात सादळतात. उकडलेली अंडी, केळी, उकडलेली रताळी, मे-जूनमध्ये आठळा, हे सगळं चालतं. वर्तमानपत्राच्या कागदात मात्र काही बांधून देऊ नका. शाई अन्नाला लागते आणि अन्न गुंडाळायला छापील कागद वापरायला मनाई आहे.

माझ्या वर्गात चार मुलं अगदी हाडकुळी आणि तीन चांगली जाडजूड आहेत. सगळी एकाच भांड्यातली खिचडी खातात. "पोषण महिन्या"त लठ्ठपणावर शिकवा म्हणतात. मी कुणाला काय सांगू?
— प्राथमिक शिक्षिका, मंडणगड तालुका

लठ्ठपणा हा शब्द वर्गात वापरूच नका. मुलांचं वजनही सगळ्यांसमोर घेऊ नका. जाड मुलाला त्यातून चिडवण्यापलीकडे काही मिळत नाही आणि हाडकुळ्याला वाटतं आपलं ठीक चाललंय. उंची-वजन स्वतंत्र खोलीत घ्यावं, आकडा पालकाला सांगावा. मोठ्यांचे बीएमआयचे (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारे) आकडे मुलांना लावू नयेत. मुलांसाठी वयानुसार आणि मुलगा-मुलगीनुसार वेगळे तक्ते असतात. शंका आली तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं त्यांना दाखवा.

एकाच गावात दोन्ही टोकं असणं हा योगायोग नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी आसपासच्या खेड्यांतल्या गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. आपली बाळं वजनाने लहान जन्मतात, पण त्यांच्यात स्नायू कमी आणि चरबी मात्र टिकून असते, असं त्यांनी दाखवलं. पोटात असताना उपाशी राहिलेलं मूल पुढे भरपूर तेल-साखरेच्या जगात आलं की त्याचं वजन पोटावर चढतं. कुपोषणाचं काम आणि लठ्ठपणाचं काम अशा दोन वेगळ्या फायली करणं म्हणूनच चूक आहे.

तुमच्या हातात वर्गापेक्षा भांडं जास्त आहे. पीएम पोषणचं, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या योजनेचं, प्रमाण पहिली ते पाचवीच्या एका मुलामागे असं: तांदूळ १०० ग्रॅम, डाळ २० ग्रॅम, भाजी ५० ग्रॅम, तेल ५ ग्रॅम. सहावी ते आठवीला हेच अनुक्रमे १५०, ३०, ७५ आणि साडेसात ग्रॅम. पहिल्या गटाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, दुसऱ्याला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत. चाळीस प्राथमिक मुलं असतील तर चार किलो तांदूळ, आठशे ग्रॅम डाळ, दोन किलो भाजी आणि दोनशे ग्रॅम तेल, म्हणजे साधारण २२० मिलिलिटर. रिकाम्या पाण्याच्या बाटलीवर त्या उंचीला चिकटपट्टी लावून स्वयंपाकीणताईंना द्या. त्यावर तेल जात नाही. २०२५ साली केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने तेल दहा टक्क्यांनी कमी करायला सांगितलं. चिकटपट्टी तेवढी खाली आणली की तेही झालं.

तेलापेक्षा जास्त वेळा चुकतं ते डाळ आणि भाजीचं. डाळ पातळ होत जाते आणि "भाजी" म्हणून बटाटाच पडतो. बटाट्याला भाजीत धरू नका. आठवड्यातून दोन दिवस शेवग्याचा पाला किंवा माठ, एक दिवस दुधी किंवा लाल भोपळा. शेवग्याचा पाला खिचडी उतरवायच्या पाच मिनिटं आधी घातला तर कडसर लागत नाही. सुरुवातीलाच घातला की पोरं वेचून टाकतात.

मुलांना शिकवायचंच असेल तर साखर मोजायला शिकवा. मे २०२५ मध्ये सीबीएसईने आपल्या शाळांना "साखर फलक", म्हणजे कशात किती साखर ते दाखवणारे तक्ते, लावायला सांगितले. जिल्हा परिषदेच्या शाळेला कुणी अडवलेलं नाही. एका काचेच्या ग्लासात मुलांकडूनच चमच्याने साखर टाकून घ्या. २०० मिलिलिटर थंड पेयात २१ ग्रॅमच्या आसपास साखर असते, म्हणजे चहाचे चार ते पाच चमचे. ग्लास फळीवर तसाच ठेवा. तक्त्यापेक्षा तो ग्लास लक्षात राहतो.

माझी उंची १५२ सें.मी., वजन ६८ किलो. घरात गोडधोड नाही, बाहेरचं खाणं नाही. भात आणि मासे, बस्स. तरी वजन हलत नाही. डॉक्टर म्हणतात कमी खा. काय कमी खाऊ?
— गृहिणी, देवगड

ताई, तुमचा बीएमआय २९.४ येतो. आपल्याकडच्या लोकांसाठी २३ पासून जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात, कारण त्याच वजनाला आपल्या अंगात चरबी जास्त असते. एकदम ५३ किलोचं स्वप्न बघू नका. साडेतीन किलो उतरले तरी साखर आणि रक्तदाबात फरक दिसू लागतो. पहिला टप्पा तोच ठेवा.

मासे तुमचे वैरी नाहीत. बांगड्यात शंभर ग्रॅममागे वीसेक ग्रॅम प्रथिनं असतात, चिरडलेल्या कोकमाच्या आमटीतला बांगडा रोज खाल्लात तरी चालेल. हिशोब बाकीच्या तीन गोष्टींचा करायचा.

पहिली, तांदूळ. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत २००० कॅलरीच्या ताटात सगळं मिळून धान्य २५० ग्रॅम आहे, कच्चं मोजून. बैठं काम करणाऱ्या बाईची गरज १६६० कॅलरीच्या आसपास धरतात, म्हणजे तिचं धान्य दोनशे ग्रॅमपर्यंत यायला हवं. चार माणसांच्या घरात दुपार-रात्र मिळून एक किलो तांदूळ शिजत असेल तर माणशी २५० ग्रॅम तिथेच झाले, आणि सकाळच्या आंबोळ्या, चहाबरोबरचा बटर, चारचा पाव वेगळेच. आठवडाभर तांदूळ वाटीने न घेता वजनाने घ्या आणि लिहून ठेवा. उकड्या तांदळाची पेज सकाळी घेत असाल तर ती सोडू नका. साठ ग्रॅम तांदळाची पेज दोनशे कॅलरीत पोट भरते. तिच्यासोबत पापड आणि लोणच्याऐवजी कुळथाची उसळ घ्या. आणि नाचणीच्या भाकरीने वजन उतरतं हा समज सोडा. नाचणीत कॅल्शियम भरपूर, पण कॅलरी जवळजवळ तांदळाएवढ्याच.

दुसरी, तेल. मार्गदर्शिकेप्रमाणे माणशी दिवसाला २७ ग्रॅम. चार माणसांत महिन्याला चार लिटर तेल संपत असेल तर माणशी तीस ग्रॅम पडतं. वरवर बघता थोडंच जास्त. पण तिसरी गोष्ट धरली की चित्र बदलतं.

तिसरी, नारळ. दिवसाला एक मध्यम नारळ वाटला तर खोबरं सुमारे दोनशे ग्रॅम निघतं. त्यात सदुसष्ट ग्रॅम चरबी, म्हणजे माणशी जवळजवळ सतरा ग्रॅम, तीही बहुतेक संपृक्त. अन्नाच्या पाकिटावर संपृक्त चरबीची दिवसाची मर्यादा २२ ग्रॅम धरतात. नारळाने त्यातली दोन तृतीयांश जागा एकट्याने घेतली. म्हणून कोकणातल्या घराचं तेलाचं माप घाटावरच्या घराएवढं ठेवून भागत नाही: चार माणसांना महिन्याला तीन लिटर, आणि नारळ दोन दिवसांत एक. खोबऱ्याचं वाटप (वाटण) कमी झालं की आमटी पातळ होते ही खरी अडचण. दोन चमचे तांदळाचं पीठ पाण्यात कालवून लावलं की दाटपणा येतो. तिरफळ घातलेलं तिखलं केलं तर वाटपच लागत नाही.

तळण्याचं म्हणाल तर रवा लावून बुडवून तळलेल्या तुकडीऐवजी बिडाच्या तव्यावर दोन छोट्या चमच्यांत चार तुकड्या होतात. तवा नीट तापला नसला की मासा चिकटतो आणि आपण पुन्हा तेल ओततो. तेल तिथेच वाढतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा सुक्या माशांवर दिवस निघतात. सुकट-बोंबील गरम पाण्यात दोनदा धुऊन घ्या, मीठ बरंच उतरतं.

एक गोष्ट तुम्ही पत्रात लिहिली नाहीत, म्हणून ती ताटात नसावी असं वाटतं: भाजी. दिवसाला चारशे ग्रॅम हवी. मासळीच्या दिवशी भाजी करायचीच नाही ही आपली सवय, आणि घाटावरून येणारी भाजी महाग पडते हेही खरं. पावसाळ्यात टाकळा, कुरडू, फोडशी. बाकी वर्षभर परसातलं अळू, माठ, शेवगा, पडवळ. भात कमी केलेली जागा याने भरा, नाहीतर रात्री दहाला भूक लागेल आणि हात चिवड्याच्या डब्यात जाईल.

आमचा बचत गट कोकम सिरप, आंबापोळी आणि नाचणीचे लाडू विकतो. गिऱ्हाईक "साखर कमी" आणि "डायबेटिसवाल्यांसाठी" असं मागतं. लेबलवर तसं लिहिलं तर चालेल का?
— महिला बचत गट, कुडाळ तालुका

नाही, आणि पकडले गेलात तर माल परत घ्यावा लागेल. दाव्यांचे आकडे ठरलेले आहेत. "साखरविरहित" म्हणायला १०० ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त साखर नको. "साखर कमी" म्हणायला घन पदार्थात १०० ग्रॅमला ५ ग्रॅम आणि पेयात १०० मिलिलिटरला अडीच ग्रॅमची मर्यादा. गूळ घालून "साखर घातलेली नाही" असंही लिहिता येत नाही. मधुमेह बरा होतो किंवा आटोक्यात येतो असं सुचवणं तर मुळीच नाही.

लाडवाचा हिशोब स्वतः मांडून बघा. नाचणीचं पीठ अर्धा किलो, गूळ ३५० ग्रॅम, तूप २५० ग्रॅम. तीस ग्रॅमचे छत्तीस लाडू होतात. एका लाडवात १४५ च्या आसपास कॅलरी, जवळजवळ दहा ग्रॅम गूळ, सात ग्रॅम तूप. बाळंतिणीला चांगला, पण मधुमेह्याला "औषधी" म्हणून विकण्यासारखा नाही. लाडू पंधरा ग्रॅमचा वळा आणि दर लाडवामागच्या कॅलरी लेबलवर छापा. ते प्रामाणिक आहे, आणि मुंबईच्या प्रदर्शनात तेच विकलं जातं.

सिरपचं थोडं वेगळं. साखर तिथे चवीपुरती नसते, टिकवण्यासाठी असते. विरघळलेला अंश ६५ टक्क्यांच्या आसपास असतो म्हणून बुरशी धरत नाही. साखर निम्मी केलीत तर महिन्याभरात बाटली फसफसून बूच उडेल. तेव्हा कृती तीच ठेवा, ओतण्याचं माप बदला. तीस मिलिलिटर सिरप ग्लासात घेतलं की २५ ग्रॅम साखर गेली, म्हणजे दिवसभराची सगळी. बाटलीबरोबर १५ मिलिलिटरचं झाकण द्या आणि लेबलवर लिहा "एक झाकण, एक ग्लास पाणी, चिमूट जिरेपूड". बाटली दुप्पट दिवस चालते. विक्री घटेल अशी भीती वाटेल, पण गिऱ्हाईक टिकतं. ज्यांना साखर नकोच त्यांच्यासाठी आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, आहे. त्यात साखर नसते, मीठ मात्र भरपूर असतं, तेव्हा रक्तदाबवाल्यांसाठी तसं स्पष्ट छापा. आगळाची सोलकढी करताना वर पुन्हा मीठ घालायचं नाही, हेही.

सरकार एका हाताने लठ्ठपणावर भाषण करतं आणि दुसऱ्या हाताने बिस्किटं स्वस्त करतं. कराने खरंच काही होतं का?
— निवृत्त बँक कर्मचारी, अलिबाग

होतं, पण कर कशावर लावला यावर. मेक्सिकोने २०१४ साली साखरेच्या पेयांवर लिटरमागे एक पेसो कर बसवला; पहिल्या वर्षी खप सरासरी सहा टक्क्यांनी घसरला आणि वर्षअखेर त्याहून जास्त. ब्रिटनने एप्रिल २०१८ पासून साखरेच्या प्रमाणानुसार कर लावला. कंपन्यांनी कर भरण्याऐवजी पेयातली साखरच कमी केली. आपल्याकडे केरळने २०१६ मध्ये ब्रँडेड उपाहारगृहांतल्या बर्गर-पिझ्झावर साडेचौदा टक्के कर लावून पाहिला, पुढच्या वर्षी जीएसटी आला आणि तो त्यात विरला.

तुमचा राग रास्त आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वायूयुक्त पेयांवर ४० टक्के जीएसटी आहे. बिस्किटं १८ वरून ५ टक्क्यांवर आली, पाकीटबंद नमकीन १२ वरून ५ वर. आंब्याच्या रसाची वायू नसलेली पेयंही १२ वरून ५ वर आली, आणि त्यांत शंभर मिलिलिटरला साखर १३-१४ ग्रॅमच्या घरात असते, वायूवाल्या पेयापेक्षा जास्त. शिवाय शून्य साखरेच्या वायूयुक्त पेयालाही तेच ४० टक्के. म्हणजे आपला कर साखरेवर नाही, बुडबुड्यांवर आहे. असा कर तिजोरीत भर घालतो, पण कंपनीला साखर कमी करायचं काही कारण देत नाही. हापूसच्या मुलखातल्या पोरांना डब्यातला आंबा "फळ" म्हणून पाजणाऱ्या पालकांना तर तो काहीच सांगत नाही.

पाकिटाच्या दर्शनी भागावरच्या इशाऱ्याचंही असंच. चिलीने २०१६ पासून काळे अष्टकोनी ठसे सक्तीचे केले. आपल्याकडे २०२२ मध्ये ताऱ्यांच्या मानांकनाचा मसुदा आला. साडेतीन तारे मिळालेलं बिस्किट लोक जास्तच घेतील, ही त्यावरची टीका आम्हाला पटते. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याबाबत तज्ज्ञ समितीला तीन महिन्यांत शिफारसी द्यायला सांगितलं. आपण पाकीट उलटं करून वाचायला शिकू. "प्रति सर्व्हिंग" या रकान्यात फसगत होते: पाकीट साठ ग्रॅमचं आणि सर्व्हिंग वीस ग्रॅमचं असेल तर टक्क्यांचे आकडे तिप्पट करा, कारण पाकीट उघडलं की कुणी तिसरा हिस्सा खाऊन थांबत नाही. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. पहिल्या तिघांत साखर किंवा पामतेल असेल तर पुढचं वाचायची गरज नाही.

कंबर मोजताना बायका लाजतात, साडीवरूनच मोज म्हणतात. दर वेळी आकडा वेगळा येतो. नेमकं कुठे मोजायचं?
— आशा सेविका, पालघर जिल्हा

शेवटची बरगडी हाताला लागते ती जागा आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ, या दोहोंच्या मधोमध. बेंबी ही खूण धरू नका, पोट सुटलं की बेंबी खाली सरकते. टेप जमिनीला समांतर, मागे पाठीवर घसरलेली नाही ना हे बघून, आणि सहज श्वास सोडल्यावर आकडा घ्यायचा. बाईला "पोट आत घ्या" म्हणायचं नाही. ती न सांगताच घेते, म्हणून तिला बोलतं करा आणि मग वाचा. निऱ्या आणि परकराची गाठ यांवरून मोजलं की आकडा तीन-चार सेंटिमीटरने फुगतो. पदर बाजूला करून, नाडी दोन बोटं खाली सरकवून, पातळ कापडावरून मोजा. अंगणवाडीत एका कोपऱ्याला चादर बांधली तर लाजण्याचं कारण उरत नाही.

सीबॅक अर्जात (तुम्ही घरोघरी भरता तो आजारांच्या जोखमीचा अर्ज) बाईची कंबर ८० पर्यंत शून्य गुण, ८१ ते ९० एक, ९० च्या पुढे दोन. पुरुषाला हीच रेघ ९० आणि १००. अर्जाची बेरीज चारच्या वर गेली की तपासणीला आधी पाठवायचं. वजनकाट्यावर सगळं ठीक दिसणाऱ्यालाही मोजा. वर उल्लेख केलेले डॉ. याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी डॉ. युडकिन यांचा एक फोटो २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. काट्याला हे दिसत नाही, टेपेला बऱ्यापैकी दिसतं.

रोज चाला म्हणता. आमच्या घरासमोर महामार्ग, त्याला कडेने चालायला जागा नाही. कुठे चालू?
— एक वाचक, संगमेश्वर तालुका

महामार्गावर चालू नका. आठवड्याला १५० मिनिटं हवीत, ती तीस मिनिटांचे पाच दिवस अशीही होतात आणि दहा-दहा मिनिटांचीही. ग्रामसभेत एवढंच मागा: शाळेचं मैदान सकाळी साडेपाच ते सात उघडं आणि त्यावर दोन दिवे. खर्च किरकोळ, आणि बायका उजेडाशिवाय बाहेर पडत नाहीत. मैदान पावसात चिखलतं, तेव्हा जून ते सप्टेंबर समाजमंदिर किंवा देवळाचा सभामंडप. घरातून देवळापर्यंत पाखाडी चढायची असेल तर सपाटीवर जेवढं चालावं लागतं तेवढं चालायची गरज नाही.

आंबा खाऊ की नको? एवढंच सांगा.
— एक मधुमेही वाचक, रत्नागिरी

साखर आटोक्यात असेल तर मध्यम हापूसचा अर्धा, जेवणानंतर नव्हे तर मधल्या वेळेला, आणि त्या दिवशी भात अर्धी मूद कमी. साखर चढलेली असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. वजनापुरतं बोलायचं तर हापूसचा दीडशे ग्रॅम गर म्हणजे ९० ते १०० कॅलरी. तो कुणाला जाड करत नाही. जाड करतो तो साखर घातलेला आमरस आणि त्याबरोबरच्या सात पुऱ्या. पुऱ्यांऐवजी घावन करा, बिडाच्या तव्यावर, तेलाचं बोट फिरवून.